किल्ला, हटरी आणि घोडा

माणसे ओळखण्याची आपली रीत मोठी सोपी आहे. स्वयंपाकघरातल्या मिसळणाच्या डब्यासारखी. ही वाटी हळदीची, ही मोहरीची, ही जिऱ्याची. त्याच चालीवर सिंधी म्हटले की दुकान, मारवाडी म्हटले की व्याज, कोकणस्थ म्हटले की काटकसर, आणि इराणी म्हटले की... इथे मात्र पंचाईत होते. कारण इराणी म्हटल्यावर मुंबईच्या माणसाला चहा आणि बनमस्का आठवतो, आणि आमच्या आंबिवलीकडच्या बायकांचा हात नकळत गळ्यातल्या मंगळसूत्राकडे जातो. शब्द एक, मुलूख एक. मनात उमटणारी चित्रे मात्र दोन, आणि तीही एकमेकांचे तोंड न पाहणारी.

असे का व्हावे, हा प्रश्न मला बरीच वर्षे छळतो आहे. परक्या मुलखातून आलेल्या दोन जमाती एकाच जिल्ह्यात रुजतात; एकीचा वटवृक्ष होतो आणि दुसरी कुंपणापलीकडचे निवडुंग ठरते. कोणी म्हणेल, "ज्याचे त्याचे रक्त!" रक्ताचे हे उत्तर फार सोयीचे असते. त्यात उत्तर देणाऱ्याला स्वतःकडे पाहावे लागत नाही. पण मी पडले शाळामास्तरीण. वर्गात एकाच बाकावर बसलेल्या तीन मुलांची बोटे कापली तर रक्ताचा रंग तीन तऱ्हांचा निघत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. आमच्या पट्टीच्या कडा फार धारदार असतात.

आंबिवली हे काही नामांकित गाव नव्हे. कल्याणहून कसाऱ्याच्या गाडीत बसले की पहिले शहाड, दुसरे आंबिवली, तिसरे टिटवाळे. टिटवाळ्याच्या गणपतीला जाणारी माणसे आमच्या स्टेशनावरून पुढे जातात. इथे उतरतो तो इथलाच. जवळ मोहने, तिथे रेयॉनचा कारखाना. त्या कारखान्याच्या भोंग्यावर खानदेशातून, कोकणातून, उत्तरेतून आलेल्या शेकडो घरांची चूल पेटत असे. २००९ साली तो बंद पडला. शहाडला उतरले की उल्हासनगर, म्हणजे जुन्या माणसांच्या तोंडचा 'कॅम्प', सिंध्यांचे गाव. आणि आमच्या स्टेशनापासून पायी जाण्याच्या अंतरावर इराणी वस्ती. म्हणजे पाहा, दोन स्टेशनांच्या पट्ट्यात फाळणीने फेकलेली माणसे आहेत, कारखान्याने ओढून आणलेली माणसे आहेत आणि चालत चालत येऊन थांबलेली माणसे आहेत. मूळचे आगरी-कातकरी ह्या सगळ्यांकडे पाहत उभे आहेत.

शाळेत एक जाडजूड जनरल रजिस्टर असते. मुलाचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, धर्म, जात आणि मातृभाषा असे रकाने त्यात असतात. मला त्यातला मातृभाषेचा रकाना सर्वांत बोलका वाटतो. सिंधी पोराची आई तिथे बेधडक 'हिंदी' सांगते. घरी आजी मात्र सिंधीखेरीज दुसरे बोलत नाही. इराणी वस्तीतली आई जरा घुटमळते. मग 'फारसी' म्हणते, आणि लगेच "चालेल ना बाई?" असे विचारते. घरात त्यांची ती मिसळलेली फारसी, बाहेर हिंदी, आणि बाजारात आमच्याइतकीच सफाईची मराठी. एकीने भाषा सोडली आणि गावात जागा मिळवली. दुसरीने भाषा राखली आणि जागा अजून मागते आहे. ह्या रकान्यापाशी माझी लेखणी नेहमी अडखळते.

आता थोडे मागे जाऊ.

उल्हासनगरची गोष्ट पुष्कळांना ठाऊक आहे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी होती. युद्ध संपले, शिपाई गेले, बराकी ओस पडल्या. तेवढ्यात फाळणी झाली, आणि कराची, हैदराबाद, शिकारपूर, सक्कर इथून निघालेली माणसे ह्या ओसाड बराकींत येऊन पडली. लाखाच्या घरातली वस्ती! ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी ह्यांच्या हस्ते गावाची कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून गावाला उल्हासनगर हे नाव मिळाले. नावात उल्हास, प्रत्यक्षात गोणपाटाचे पडदे. एका बराकीत अनेक बिऱ्हाडे, आणि मध्ये भिंत म्हणून गोणपाट.

दिवाळीच्या कापडासाठी मी दरवर्षी कॅम्पात जाते. ज्या दुकानात जाते तिथले म्हातारे शेठजी ऐंशी ओलांडलेले आहेत. गल्ल्यावर मुलगा बसतो. हे शेजारी खुर्ची टाकून गिऱ्हाइकांशी बोलत बसतात. मला ते 'अदी' म्हणतात. सिंधीत अदी म्हणजे ताई. लहानपणी ते आगगाडीच्या डब्यांतून गोळ्या विकत. एकदा मी त्यांना सरळच विचारले, "शेठजी, हातात काही नसताना एवढे सगळे उभे कसे केलेत?" मला वाटले, आता कष्टांवर एक प्रवचन ऐकावे लागणार. म्हातारा हसला. म्हणाला, "अदी, सरकारने आम्हाला घर नाही दिले, नंबर दिला. बराक नंबर अमुक, खोली नंबर तमुक. नंबर मिळाला की माणूस सापडतो. माणूस सापडतो म्हटले की मुंबईचा व्यापारी उधार देतो. उधारीवर माल आणला, माल विकला, पैसे वेळेवर फेडले. बस्स, एवढेच."

एवढेच! पण ह्या 'एवढेच'मध्ये किती गोष्टी दडल्या आहेत, त्या उलगडून पाहिल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट अशी की सिंधी मंडळींनी जमीनजुमला मागे सोडला, पण विद्या आणि ओळखी बरोबर आणल्या. त्यांच्यातले आमील म्हणजे पिढीजात लिहिणारे-वाचणारे, सरकारदरबारी नोकरी करणारे. भाईबंद म्हणजे व्यापारी. शिकारपूरच्या सावकारांच्या हुंड्या एके काळी थेट बुखाऱ्यापर्यंत चालत, आणि हैदराबादच्या सिंधवर्की व्यापाऱ्यांची दुकाने फाळणीच्या कितीतरी आधी जपानात कोबेला आणि इजिप्तमध्ये कैरोला होती. म्हणजे गोणपाटाच्या आड झोपणाऱ्या माणसाचा एखादा मामा कोबेत रेशीम विकत होता. ही गाठोडी जकातनाक्यावर दिसत नाहीत, पण वजनदार असतात.

दुसरी गोष्ट म्हणजे दाराशी उभे असलेले सरकार. निर्वासितांसाठी केंद्रात स्वतंत्र पुनर्वसन खाते होते. धंद्याला कर्जे देण्यासाठी १९४८ साली वेगळी व्यवस्था उभारली गेली. मागे राहिलेल्या मालमत्तेच्या भरपाईसाठी १९५४ साली कायदा झाला. भरपाई पुरी पडली असे कोणीच म्हणणार नाही. पण अर्ज करायला जागा होती आणि अर्जावर लिहायला पत्ता होता.

तिसरी गोष्ट शाळा-कॉलेजांची. सिंधमधली कॉलेजे मागे राहिली, तर प्राचार्य कुंदनानी आणि बॅरिस्टर होतचंद अडवाणी ह्यांनी १९४९ साली वांद्र्याला नॅशनल कॉलेज काढले. पुढे १९६५ साली त्यांच्याच संस्थेने उल्हासनगरात चांदीबाई कॉलेज उभे केले. पोटाला पुरते मिळण्याआधी कॉलेजाचा विचार करणारी जमात म्हणून मला त्यांचे कौतुक वाटते. मालावर 'मेड इन यू.एस.ए.' असा छाप मारायचा आणि विचारले की 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा त्याचा अर्थ सांगायचा, ही थट्टा आपण सर्वांनी केली आहे. थट्टा करता करता आपण त्यांची पापडे खाल्ली, त्यांच्याकडची कापडे नेसलो, आणि पुढे आपल्या पोरांच्या जीनच्या विजारीही तिथूनच आणल्या.

अर्थात ह्या यशालाही किंमत पडलीच. १९६७ साली सिंधी भाषा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात आली, आणि इकडे नातवंडांना आजोबांचे पत्र वाचता येईना. आमच्या शेठजींच्या गल्ल्याशेजारी त्यांच्या वडिलांची जुनी चोपडी आहे. ती त्यांच्या मुलाला वाचता येत नाही. "उधारी कोणाकडे राहिली असेल तर बुडाली!" असे म्हणून म्हातारा हसतो, पण ते हसणे फार वेळ टिकत नाही.

आता इराण्यांकडे वळू. आधी बनमस्कावाल्या इराण्यांकडे.

ही माणसे जरथुष्ट्री. यझ्द आणि किरमान ह्या भागांतली. तिकडे त्यांच्यावर जिझिया होता, बंधने होती, अपमान होते. मुंबईच्या पारशांना आपल्या ह्या धर्मबांधवांची दया आली आणि १८५४ साली त्यांनी माणेकजी लिमजी हातरिया ह्यांना इराणात पाठवले. त्यांच्या पुष्कळ वर्षांच्या खटपटीने १८८२ साली तो कर रद्द झाला. पण त्या आधी आणि नंतरही, दुष्काळाने आणि दारिद्र्याने गांजलेली माणसे मुंबईला येतच राहिली. इथे आल्यावर त्यांना कोण भेटले? पारशी भेटले. आधीच बडे झालेले, गिरण्या-गोद्यांचे मालक असलेले, एकाच अग्नीपुढे हात जोडणारे पारशी. कोणी घरकामाला ठेवले, कोणी दुकानात. मग दोघा-चौघांनी भागीदारीत कोपऱ्यावरची जागा घेतली. कोपऱ्यावरचे दुकान अशुभ म्हणून आपला हिंदू व्यापारी ते घ्यायला कचरे, असे सांगतात. आपल्या अपशकुनावर इराण्याचा शकुन उभा राहिला! संगमरवरी टेबले, बाकदार लाकडी खुर्च्या, भिंतीवर आरसे आणि स्वस्त चहा. १९०४ साली धोबीतलावाचे क्यानी, १९१४ साली ग्रँट रोडचे मेरवान, १९२३ साली बॅलार्ड इस्टेटीतले ब्रिटानिया. गिरणीतला कामकरी आणि हायकोर्टातला कारकून शेजारी शेजारी बसून एकाच तऱ्हेच्या कपातून चहा पिऊ लागले. ज्या काळी आमच्या विहिरी वेगळ्या होत्या, त्या काळी ही केवढी गोष्ट!

आज ही हॉटेले एकामागून एक मिटत आहेत. लोक हळहळतात. मला मात्र त्या मिटण्यात त्यांचे यशही दिसते. मालकाची नात डॉक्टर झाली, नातू परदेशी गेला, गल्ल्यावर बसायला कोणी उरले नाही. बापाने ज्या खुर्चीवर दिवसाचे चौदा तास काढले त्या खुर्चीवर पोराला बसावे लागू नये, ह्यासाठीच तर सारा खटाटोप होता.

आणि आता आंबिवलीचे इराणी.

हे शिया मुसलमान. मोहरमात ह्यांचा मातम असतो. त्यांची वडीलधारी माणसे सांगतात की आमचे पूर्वज घोडे विकत फिरत. पालांत राहायचे, जत्रेमागून जत्रा करायची, संस्थानिकांच्या आणि इनामदारांच्या दारी घोडे न्यायचे. आमच्या भागात इराणाचा पायरव काही नवा नाही. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्याने लिहून ठेवले आहे की 'कल्लियाना' बंदरात इराणहून नेमलेला एक ख्रिस्ती बिशप आहे. हे कल्लियाना म्हणजे आपले कल्याण, असे इतिहासकार मानतात. पुढे चौल-दाभोळच्या बंदरांत इराणी-अरबी घोडे उतरत आणि दख्खनच्या फौजांत जात. म्हणजे घोडा विकणारा परदेशी हा एके काळी आपल्याला हवाहवासा पाहुणा होता.

मग मोटार आली. संस्थाने गेली. घोड्याचे गिऱ्हाईकच उरले नाही. घोड्यावरून ही माणसे चाकू-सुऱ्यांवर आली, कात्र्यांवर आली, अंगठीच्या खड्यांवर आली, चष्मे आणि घड्याळांवर आली. घोळदार पोशाखातली इराणी बाई आठवड्याच्या बाजारात फडक्यावर चाकू मांडून बसलेली तुमच्यापैकी पुष्कळांनी लहानपणी पाहिली असेल. पुढे चाकू भांड्यांच्या दुकानात मिळू लागला, चष्मा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळू लागला, आणि घड्याळ तर फोनातच जाऊन बसले. प्रत्येक वेळी ह्या माणसांच्या पायाखालचे पायपुसणे कोणीतरी ओढून घेत गेले.

मी ह्या तिन्ही गाठोड्यांकडे शेजारी शेजारी ठेवून पाहते. सिंध्याच्या गाठोड्यात अक्षरे आणि हुंडी होती. यझ्दच्या इराण्याच्या गाठोड्यात काही नव्हते, पण दारात पारशी उभा होता. आमच्या इराण्याच्या गाठोड्यात घोड्याची पारख होती, आणि घोडा संपला होता. त्याच्या दारात कोण उभे होते? त्याला बराक नंबर मिळाला नाही, कारण तो कुठल्याही फाळणीतून पळून आला नव्हता. त्याला भागीदारी मिळाली नाही, कारण इथे त्याचा बडा धर्मभाऊ त्याची वाट पाहत बसलेला नव्हता. फिरस्त्याचे नाव लिहून घेणारे दफ्तर आपल्याकडे बहुधा एकच असे, ते म्हणजे चौकीवरचे. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. तो १९५२ साली देशभर रद्द झाला. त्याच्या यादीत कोण होते आणि कोण नव्हते ही गोष्ट वेगळी, पण 'फिरतो तो संशयित' ही जी शिकवण त्याने गावोगाव दिली, ती काही रद्द झाली नाही. ज्याचे नाव बँकेच्या वहीआधी चौकीच्या वहीत लागते, त्याला उधार कोण देणार?

ह्यावर कोणी म्हणेल, "बाई, वर्तमानपत्रे वाचत नाही वाटते? सोनसाखळ्यांच्या बातम्या खोट्या का?" वाचते हो. खोट्या आहेत असेही म्हणत नाही. ज्या बाईचे सोने गेले तिचे दुःख खरे आहे, आणि चोराला शिक्षा झालीच पाहिजे. पण शिक्षा चोराला व्हावी. त्याच्या गल्लीत दहावीचा अभ्यास करणाऱ्या मुलीला होऊ नये. धाड येते ती वस्तीवर येते, आणि बातमी छापून येते तीही वस्तीच्याच नावाने. उल्हासनगरातल्या एका लबाड व्यापाऱ्याचा खटला झाला तर सगळा कॅम्प आरोपी होत नाही, कारण कॅम्पाला आता कॉलेज आहे, १९९६ पासून महापालिका आहे, ओळख आहे. वस्तीची ओळख म्हणजे तिची बातमी.

एकदा संध्याकाळच्या गाडीत बायकांच्या डब्यात शहाडला तिघी इराणी बायका चढल्या. हातात गॉगलांच्या पिशव्या. डब्यात क्षणभर शांतता झाली आणि दहा-बारा हात एकदम गळ्याशी गेले. त्यांच्यातली एक माझ्या वर्गातल्या मुलीची आई. तिने मला पाहिले, हसली, आणि मग सगळ्या डब्याला उद्देशून अस्सल आगरी ठसक्यात म्हणाली, "धरा, धरा, घट्ट धरा! पण बसायची जागा तेवढी सोडा, पाय मोडले दिवसभर उभ्यानं." एक म्हातारी हसली आणि सरकली. मग दुसरी सरकली. आंबिवली येईपर्यंत एका गॉगलचा सौदाही झाला. गळ्यावरचे हात मात्र सगळेच्या सगळे खाली आले नव्हते.

जगात इतरत्रही असेच चालते का, हे जाणून घेण्याची मला खोड आहे. ओकिनावा हे जपानच्या दक्षिणेचे बेट. तिथली पहिली तुकडी १९०० सालच्या जानेवारीत हवाई बेटांवर उसाच्या मळ्यात राबायला गेली. गरीब शेतकरी, मळ्यातले इतर जपानीसुद्धा त्यांना हलके लेखत. त्यांनी डुकरे पाळली, खाणावळी काढल्या, आणि आपापसात पैसे जमवून पाळीपाळीने उचलण्याची त्यांची 'मोआई' चालवली. मोआई म्हणजे आपली भिशीच म्हणा ना! तीन-चार पिढ्या गेल्या आणि २०१४ साली ओकिनावी घराण्यातला डेव्हिड इगे हवाईचा गव्हर्नर म्हणून निवडून आला. ह्याच्या उलट इजिप्तची माणसे. अमेरिकेने १९६५ साली कायदा बदलून शिकलेल्यांना दार उघडले, तेव्हा त्यांच्यातले डॉक्टर, इंजिनियर, औषधशास्त्रज्ञ तिकडे गेले. १९६९ साली अहमद झेवेल नावाचा तरुण डॉक्टरेटसाठी गेला आणि १९९९ साली त्याला रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. एकाला तीन पिढ्या लागल्या, दुसऱ्याला तीस वर्षे पुरली. आता कोणी म्हणेल, इजिप्तचे रक्त अधिक हुशार! पण ओकिनावाहून कुदळ मागवली होती आणि इजिप्तहून पदवी मागवली होती, हे तो विसरेल. ज्या दाराला जशी चाळणी, तसे पीठ घरात येते. पिठाची परीक्षा करायची तर आधी चाळणी पाहावी.

मागल्या दिवाळीत आमच्या चाळीच्या अंगणात पोरांनी किल्ला केला. किल्ल्यावरून दरवर्षी भांडणे होतात, तशी झालीच. समोरच्या बिऱ्हाडातली सिंधी मुलगी आपली हटरी घेऊन आली. सिंधी लोकांच्या दिवाळीत, त्यांच्या दियारीत, लक्ष्मीपूजनाला मातीची छोटी हटरी पुजतात. हटरी म्हणजे चिमुकले दुकान. आमच्या पोराला दिवाळीत किल्ला आणि त्यांच्या पोराला दुकान. दोन समाजांचा सारा इतिहास दोन खेळण्यांत आला. तिला ती हटरी किल्ल्यावर ठेवायची होती. "किल्ल्यावर दुकान कशाला?" म्हणून पोरे उखडली. तेव्हा त्यांच्यातलाच एक चष्मिष्ट पोरगा म्हणाला, "रायगडावर बाजारपेठ नाही का?" झाले, हटरीला जागा मिळाली. मग वस्तीतला एक मुलगा, आमच्या शाळेतला, कुंपणाशी बराच वेळ उभा होता तो पुढे आला. त्याने चिखल मागितला आणि एक घोडा केला. मान ताणलेली, एक पाय उचललेला. इतका जिवंत घोडा की भांडणारी पोरे गप्प झाली. त्या मुलाने जन्मात घोडा हाताळला नसेल. पण पणजोबांच्या डोळ्यांतले काहीतरी त्याच्या बोटांत उतरले होते. पोरांनी तो घोडा महाराजांच्या सिंहासनाशेजारी ठेवला. आणि खरेच, मावळ्यांच्या फौजेत घोडे कुठून कुठून आले असतील ह्याचा हिशेब कोणी ठेवला आहे?

मुलांचा किल्ला चार दिवसांचा. मोठ्यांचे किल्ले टिकाऊ असतात आणि त्यांच्या दरवाजांवर पहारे असतात. बँक पत्ता विचारते, घरमालक आडनाव विचारतो, नोकरी देणारा दोन्ही विचारतो. पुनर्वसनाचे खाते केव्हाच इतिहासजमा झाले. आता एखाद्या जमातीला कागद कोण देणार? दुसरे कोणी नाही म्हटल्यावर शाळा देते. शाळा सोडल्याचा दाखला म्हणजे गरिबाची हुंडी. तो कागद हातात असला की माणूस सापडतो, आणि माणूस सापडतो म्हटले की, आमच्या शेठजींच्या हिशेबाने, कोणीतरी उधार देतो.

गाडीत भेटलेल्या त्या बाईची मुलगी यंदा दहावीला आहे. गणितात पहिल्या पाचांत असते. तिला औषधांच्या दुकानाचा कोर्स करायचा आहे. "चष्म्यापेक्षा गोळ्या खपतात, बाई," असे तिचे सरळ व्यापारी गणित आहे. सुटीपूर्वी मी मुलांकडून परीक्षेचे कच्चे अर्ज कागदावर भरून घेतले, तेव्हा तिची आई शाळेत आली होती. पत्त्याच्या रकान्यात कल्याणच्या मावशीचा पत्ता लिहावा असे तिचे म्हणणे. "पुढे कॉलेजात, नोकरीत, वस्तीचं नाव दिसलं की मागं टाकतील हो." मुलगी म्हणाली, "मी राहते इथं आणि लिहू तिथलं?" दोघीही माझ्याकडे पाहू लागल्या. आईचे शहाणपण अनुभवाचे आणि मुलीचे स्वाभिमानाचे, दोन्ही खरी. मी म्हणाले, "सुटीत विचार करा. सुटीनंतर पक्का अर्ज भरू."

तो कच्चा कागद सध्या माझ्या कपाटात आहे. नाव, जन्मतारीख, मातृभाषा, सगळे निळ्या शाईने लिहिलेले आहे. पत्ता तेवढा तिने पेन्सिलीने लिहिला आहे.